नव्याण्णव विरुद्ध तीन

गुरुवार, २ डिसेंबर

लागली! सोडत लागली! चर्चच्या जत्रेतली जॅमची एक बाटली सोडली तर जन्मात मला कधी काही लागलेलं नाही. आणि आज इथे लंडनच्या संसदेत चारशे खासदारांच्या नावांतून पाचवं नाव माझं निघालं. वर्षाकाठी वीसच जणांना स्वतःचा कायदा मांडायला मिळतो, आणि त्यातही वरच्या सहा-सातांनाच खरा शुक्रवार मिळतो, म्हणजे सकाळी साडेनऊ ते दुपारी अडीच चर्चा. बाकी सगळं वर्ष सरकारचं. दोन वर्षं झाली मला निवडून येऊन. मतदानाची घंटा वाजली की सांगतील त्या दारातून जायचं आणि स्वतःला मोजून घ्यायचं, एवढीच माझी देशसेवा. त्याआधी सव्वीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, तिथे निदान पोरं तोंडावर जांभया द्यायची.

ब्रिजेट, माझी सेक्रेटरी (आमच्या ऑफिसात खुर्ची माझी आणि अक्कल तिची), म्हणाली, "हुरळून जाऊ नका साहेब. कायदा कशाचा करायचा ते ठरलंय का?" नाही ठरलं. संध्याकाळपर्यंत सतरा संस्थांचे फोन येऊन गेले. कुंपणाच्या उंचीपासून जत्रेतल्या गोल्डफिशपर्यंत सगळ्यांना कायदा हवाय.

चहाच्या खोलीत पेनरडसाहेब आपणहून माझ्या टेबलाशी आले. हे आमच्या, म्हणजे सरकार चालवणाऱ्या, पक्षाचे प्रतोद. आम्हाला मतदानाला हाकून आणायचं त्यांचं काम. एरवी यांनी मला नावानं हाक मारली तरी मी दिवसभर खूष असतो. आज खांद्यावर हात टाकून म्हणाले, "क्लाइव्ह, लेका, नशीब काढलंस! काही अडलं तर थेट माझ्याकडे ये. इथले नियम फार वाकडे आहेत." किती दिलदार माणूस! ब्रिजेटला सांगितलं, तर ती टाइप करत राहिली.

शनिवार, ११ डिसेंबर

थॉर्नशॉ, माझा मतदारसंघ. वाचनालयाच्या मागच्या खोलीत लोकांची गाऱ्हाणी ऐकायचा दिवस. गटारं, गटारं, शेजाऱ्याचं कुत्रं, परत गटारं. शेवटी एनिड क्रॅब्ट्री आल्या. आमच्या शाळेच्या जेवणघरात वीस वर्षं वाढणाऱ्या एनिडबाई. त्यांच्या हातचा मटार-बटाटा मी किती खाल्लाय देव जाणे. आता चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत. जिना चढून आल्या आणि पाच मिनिटं नुसत्या धापा टाकत बसल्या.

"मास्तर," म्हणाल्या, "गटाराचं नाही हो माझं. मला एक मूल आहे."

मला वाटलं चुकून बोलल्या. एनिडबाईंना मूलबाळ नाही हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. पण १९३८ साली त्या अठरा वर्षांच्या होत्या, लग्न झालेलं नव्हतं, आणि घरच्यांनी त्यांना दूरच्या गावी तसल्या मुलींच्या आश्रमात नेऊन टाकलं. मुलगी झाली. सहा आठवडे पाजली. मग एके दिवशी सकाळी, "बाळाला अंघोळ घालायला नेते," म्हणून तिथली बाई घेऊन गेली, ती परत आलीच नाही. मुलगी दत्तक गेली होती. कुठे, ते सांगायचं नाही असा कायदा.

"तिचा डावा कान वरून दुमडलेला होता," एनिडबाई म्हणाल्या. "माझ्या बापाचा होता तसाच. बसमध्ये पन्नाशीची बाई दिसली की अजून मी तिचा कान बघते. बायका रागावतात."

मी म्हटलं, दत्तक मुलांना आपली आई शोधायचा हक्क मिळून वर्षं झाली की. "मुलांना आहे, आईला नाही," त्या म्हणाल्या. "ती आली नाही. म्हणजे एक तर तिला कुणी सांगितलंच नाही, नाहीतर तिला मी नको आहे, नाहीतर ती गेली. तिन्हीतलं कुठलं, एवढंच मला विचारायचंय. नाव नको, पत्ता नको. डॉक्टर म्हणतात पुढचा उन्हाळा काढला तर पुष्कळ. तुम्हाला कायदा करायला मिळालाय असं पेपरात वाचलं."

सांगायला लाज वाटते, पण मी रडलो. बाईंनी पिशवीतून रुमाल काढून दिला, वर म्हणाल्या, "धुतलेला आहे."

कायदा ठरला. एकच कलम: आईनं विचारलं तर नोंदणी कार्यालयानं मूल हयात आहे की नाही ते सांगावं, आणि आईची चिठ्ठी मुलापर्यंत पोचवावी. याला कोण नाही म्हणेल?

बुधवार, १२ जानेवारी

या नोंदी ज्या खात्याकडे आहेत त्याचं पत्र आलं. चार पानं. त्यात 'सहानुभूती' हा शब्द सहा वेळा आणि 'तथापि' अकरा वेळा. ब्रिजेट म्हणते, "साहेब, यांना जुनी दप्तरं उपसायला माणसं लावायची नाहीत. पण आईच्या विरोधात उभं राहून दिसायचंही नाही."

पेनरडसाहेबांकडे गेलो. ते हसले. "सरकारचा विरोध नाहीच रे. मंत्री गप्प बसतील. तुला भीती एकाच गोष्टीची, बोलघेवड्यांची. अडीचपर्यंत कुणी बोलत राहिला तर मत घेताच येत नाही आणि तुझा कायदा रांगेच्या तळाला जातो. त्यावर उपाय, दोनच्या सुमारास उठायचं आणि चर्चा आटोपून मत घ्या असा प्रस्ताव मांडायचा. पण त्याला बाजूनं शंभर मतं पडावी लागतात. शुक्रवारी माणसं घरी पळतात. शंभर जण बसवून ठेव, तू जिंकलास."

मी विचारलं, सभागृहाच्या कारकुनांना एकदा भेटून येऊ का? म्हणाले, "जा की. पण ती माणसं नियमांची पुस्तकं उघडून घाबरवतात नुसती. मी बसलोय ना?"

मंगळवार, ८ फेब्रुवारी

पाय गेले माझे. तीन आठवडे मार्गिका, जिने, चहाच्या खोल्या पालथ्या घातल्या. विरोधी बाकांवरच्यांचेही हात धरले. एका म्हाताऱ्या खासदारानं तर माझं ऐकून घेतलं आणि दार लावून सांगितलं की त्याची बहीणही अशीच गेली, शेवटपर्यंत विचारत. आजच्या यादीत एकशे दोन नावं. एकशे दोन! ब्रिजेटनं प्रत्येकाला घरी पत्र टाकलंय, बायकांच्या नावानं. म्हणते, खासदार विसरतात, बायका विसरत नाहीत.

ब्रिजेट विचारत होती, "एकशे दोन म्हणजे मोजणाऱ्यांना धरून की सोडून?" तिला प्रत्येक गोष्टीत कीस काढायची सवय आहे. म्हटलं, विचारून सांगतो. पेनरडसाहेब घाईत होते, म्हणाले, "एकशे दोन? शाबास! दोन जास्तीचेच झाले की."

एनिडबाईंना फोन केला. त्यांना लंडनला यायचं होतं, डॉक्टरांनी सोडलं नाही. म्हणाल्या, "झालं की लगेच कळवा. मी खुर्ची फोनजवळ ओढून ठेवते."

शुक्रवार, ११ फेब्रुवारी

गाडीत लिहितोय. अक्षर मलाच लागत नाही. लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

सकाळी झकास सुरुवात झाली. मी वीस मिनिटं बोललो. एनिडबाईंचं नाव न घेता त्यांची गोष्ट सांगितली. मग तो उठला. त्याचं नाव इथे लिहीत नाही, वही बाटेल. दोन तास दहा मिनिटं बोलला. 'नोंद' म्हणजे काय. शाई किती वर्षं टिकते. त्याच्या आजोळच्या चर्चमधल्या वह्यांना वाळवी कशी लागली. आईला विरोध नाही बरं का, फक्त तपशील नीट व्हावा एवढीच त्याची तळमळ!

अकराच्या सुमारास मार्जरी आली. यादीतली एकशे दुसरी. मुलाचं लग्न उद्या डेव्हनला, बाराची गाडी गाठायची होती. मी कचरलो. पेनरडसाहेब शेजारीच उभे होते. म्हणाले, "जाऊ दे रे तिला. शंभर लागतात, एकशे एक उरतात. अशा वेळी केलेला उपकार माणूस विसरत नाही." मार्जरीनं माझा गालगुच्चा घेतला आणि पळाली.

दोनला दहा कमी असताना मी उठून प्रस्ताव मांडला. सभापतींनी मान डोलावली. घंटा! पेनरडसाहेब कानाशी लागले, "दाराशी मोजायला दोघं लागतात. लेक तुझी, कन्यादान तू कर. मानाचं काम आहे." मी आणि यादीतलेच आमच्या पक्षाचे जेराल्ड होकाराच्या दाराशी उभे राहिलो. एकेक जण बाहेर येत होता आणि मी मोठ्यानं मोजत होतो. पंचाहत्तर, शहात्तर. तो म्हातारा खासदार काठी टेकत आला, चौऱ्याऐंशी. अठ्ठ्याण्णव. नव्याण्णव. आणि दार रिकामं. मी मनात म्हटलं, नव्याण्णव, अधिक मी, अधिक जेराल्ड, एकशे एक. बरोबर!

हसत हसत आत गेलो मी. हसत! आकडा मीच वाचला. होकार नव्याण्णव, नकार तीन. सभापती खाली बघून म्हणाल्या, बाजूनं शंभर मतं पडली नाहीत, सबब प्रस्ताव बारगळला आहे. मला वाटलं त्यांची काहीतरी गफलत होतेय. मग टेबलाजवळच्या कारकुनानं हळूच सांगितलं, "मोजणाऱ्यांची मतं धरत नाहीत, महाशय. कधीच धरत नाहीत."

सरकारी मतदानाला मोजायला नेहमी प्रतोदच उभे राहतात. मला कुठून कळणार? दोन वर्षं नुसता मोजला गेलो. स्वतः मोजायला उभं राहिलं की माणूस आकड्यातून जातो हे मला कुणी सांगितलं नाही. मार्जरी थांबली असती तर शंभर झाले असते. गाढवा, गाढवा, गाढवा.

तो परत उठला आणि उरलेला वेळ शाईवर बोलला. अडीच वाजले. घास अगदी ओठाशी येऊन पडला.

पेनरडसाहेबांचा चेहरा माझ्याहून पडलेला होता. "माझीच चूक," म्हणाले. "मी धरूनच चाललो होतो की तुला माहीत असणार." उलट मीच त्यांची समजूत घातली.

फोन करायचं धैर्य झालं नाही. ब्रिजेटनं केला.

रविवार, १३ फेब्रुवारी

एनिडबाईंकडे गेलो. खुर्ची अजून फोनजवळच होती. चहा केला त्यांनी, मला करू दिला नाही.

"बाजूनं किती होते म्हणालात?"

"नव्याण्णव."

"आणि विरुद्ध?"

"तीन."

त्यांनी केकची बशी माझ्याकडे सरकवली. मग म्हणाल्या, "मास्तर, मी चौदाव्या वर्षी शाळा सोडली. पण नव्याण्णव मोठे का तीन, एवढं मला येतं." मी नियम समजावून सांगू लागलो, मोजणारे, शंभर, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. "आमच्या जेवणघरात," म्हणाल्या, "वाढणाऱ्या बायका शेवटी जेवायच्या. पण जेवायच्या. त्यांना कुणी गाळायचं नाही." मी बशीतला केक खाल्ला.

निघताना सांगितलं, कायदा मेलेला नाही, रांगेच्या तळाला गेलाय. दर खासगी शुक्रवारी, म्हणजे खासदारांच्या स्वतःच्या कायद्यांच्या दिवशी, अडीचला अशा कायद्यांची नावं वाचतात. कुणीच काही बोललं नाही, तर चर्चेशिवायही पुढे सरकतो. "आणि कुणी बोललं तर?" "एकानं जरी 'हरकत' म्हटलं तरी त्या दिवसापुरता गेला." "एकानं?" "हो." "बसल्या जागेवरून?" "हो." "नाव न सांगता?" मी हो म्हणालो तेव्हा त्या हसल्या. ते हसू मला मुळीच आवडलं नाही.

शुक्रवार, ४ मार्च

हरकत.

शुक्रवार, १५ एप्रिल

हरकत. आवाज आमच्याच बाकांवरून आला, मागून कुठूनतरी, घोगरा. वळून पाहिलं तर सगळे कागद आवरत होते. पाच सेकंदांचा खेळ. नाव वाचलं, आवाज आला, पुढचं नाव.

बाहेर पेनरडसाहेब भेटले. थंडीनं त्यांचा घसा पार बसलाय बिचाऱ्यांचा, शब्द फुटत नाही. म्हणाले, "कोण हे दुष्ट लोक! मी शोधून काढतो." मी आमच्या गावच्या मधाची बाटली दिली त्यांना. ब्रिजेट म्हणाली, "साहेब, शुक्रवारी कुणाकुणाचा घसा बसलेला असतो त्याची यादी करू का?" ही मुलगी कधी थट्टा करते आणि कधी नाही ते मला कळत नाही.

शुक्रवार, २० मे

हरकत. एनिडबाई इस्पितळातून घरी आल्या. आता जिन्याखालीच पलंग टाकलाय.

मंगळवार, २१ जून

पेनरडसाहेबांनी जेवायला नेलं. बदक होतं. मंत्र्यांना संसदेत एक मदतनीस हवा आहे, त्यांनी माझं नाव सुचवलंय. बिनपगारी, पण पहिली पायरी तीच. "तुझी चिकाटी वर कळली आहे," म्हणाले. "एकच कर. पुढच्या सोडतीत नाव घालू नकोस. सरकारच्या माणसानं खासगी कायदे मांडणं बरं दिसत नाही."

मी म्हटलं, विचार करून सांगतो. खरं तर बदक संपायच्या आत विचार झाला होता. एकावन्न वर्षांचा आहे मी. परत कधी कोण विचारणार? आणि आत राहून सांगितलं तर खात्याचे लोक ऐकतील, असं मी स्वतःला सांगतोय. उद्या कळवीन.

शुक्रवार, १५ जुलै

अधिवेशनातला शेवटचा खासगी शुक्रवार. एनिडबाई हट्टानं आल्या. डॉक्टर नाही म्हणाले, तर त्यांना म्हणाल्या, "मग तुम्ही चला बरोबर." भाचीनं गाडीत बसवून दिलं, मी स्टेशनवर उतरवून घेतलं. निळा कोट, नवी टोपी. वजन असं काही उरलेलंच नाही.

मला खाली बसायचं होतं म्हणून पेनरडसाहेब त्यांना वर प्रेक्षकांच्या सज्जात घेऊन गेले. प्रत्येक पायरीला थांबत, हाताला धरून. मी खालून पाहत होतो. साहेबांनी शेजारी बसून त्यांचं सगळं ऐकून घेतलं, दुमडलेल्या कानापर्यंत; बाई स्वतःचा कान दुमडून दाखवत होत्या. शाल पायांवर नीट केली. मग खाली येऊन माझ्या मागच्या बाकावर कुठेतरी बसले. मला वाटलं, राजकारणात अशीही माणसं असतात.

अडीच वाजले. आमचं नाव अकरावं. कारकुनानं वाचलं.

"हरकत."

बारावं नाव.

परतीच्या गाडीत त्या खिडकीशी बसल्या होत्या. रग्बी स्टेशन मागे पडलं. मग म्हणाल्या, "तुमचे ते साहेब फार मायाळू आहेत. मला जिना चढवताना स्वतः घामाघूम झाले."

"आहेतच तसे."

"त्यांनीच म्हटलं हो, 'हरकत'."

मी म्हटलं, छे, भलतंच काय! एवढ्या उंचावरून तुम्हाला नीट दिसलं नसेल. ते तर सुरुवातीपासून आपल्या बाजूचे. मार्जरीला जाऊ दिलं तेव्हासुद्धा, मोजायला मला उभं केलं तेव्हासुद्धा, तेच तर माझ्या शेजारी होते.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "छपन्न वर्षं मी लांबून माणसांचे चेहरे बघतेय. एवढं एकच काम मला येतं."

मी वाद घातला नाही. आजारी माणूस, थकलेली नजर, त्यात चष्मा जुना. त्यांना झोप लागली. क्रू स्टेशन येईपर्यंत त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. जाग आल्यावर त्यांनी टोपी सरळ केली आणि विचारलं, "पुढल्या सोडतीत नाव घालणार ना? माझ्यासाठी नको. माझ्यासारख्या असतील की अजून."

मी हो म्हणालो.

पेनरडसाहेबांनाही मी तीन आठवड्यांपूर्वी हो म्हणालो आहे. सोमवारपासून मंत्र्यांच्या मागच्या बाकावर बसायचंय.